चाळीस मुलांचा एकच अंदाज

आमच्या थोरल्या जाऊबाई शिक्षिका. सत्तावीस वर्षं एकाच शाळेत, त्यातली एकवीस वर्षं एकाच वर्गखोलीत. पण त्यांचं नाव झालं ते शिकवण्यामुळे नाही, प्रश्नपत्रिकांमुळे. त्यांच्या प्रश्नपत्रिकेत कधी चूक सापडली नाही. सोबत त्या नमुना उत्तरांचा जो संच जोडत, तो इतका नेटका असे की आजूबाजूच्या चार शाळा मागून नेत. मुलं तो पाठ करत, पास होत आणि पुढच्या वर्गात जात. शिक्षकांच्या खोलीत त्यांचं टोपणनावच 'उत्तरसूची' पडलं होतं. गणिताचे सर तोंडावर म्हणायचे, "उत्तरसूची बाई, आज डब्यात काय?" आणि या मान वर न करता म्हणायच्या, "प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा आहे."

घरात त्या 'थोरली' आणि मी 'धाकटी'. स्वयंपाकघर एकच. जी बाई रिकामे कपसुद्धा सगळे कान एका दिशेला करून ठेवते, तिच्यासोबत एका ओट्यावर पंधरा वर्षं काढणं सोपं नसतं. मला त्यांचा राग यायचा, खोटं कशाला बोलू? फडताळातल्या प्रत्येक डब्यावर त्यांच्या अक्षरात चिठ्ठी. मी एकदा डाळीच्या डब्यात साखर भरली तर त्यांनी साखर काढली नाही, चिठ्ठी बदलली. आणि ते करताना माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, त्यापेक्षा चार शब्द बोलल्या असत्या तर परवडलं असतं.

मग एका वर्षी शिक्षण कार्यालयाचं पत्र आलं. सहावीच्या वर्गाची वार्षिक लेखी परीक्षा बंद. त्याऐवजी मुलांना प्रत्यक्ष काय करता येतं, त्यांच्यात कोणत्या मूलभूत क्षमता आल्या आहेत, ते बघायचं. अभ्यासक्रमही त्या क्षमतांभोवती नव्यानं मांडायचा. प्रयोगासाठी पाच शाळा निवडल्या होत्या, त्यात ही एक. मुख्याध्यापकांनी पत्र वाचलं आणि थेट जाऊबाईंच्या टेबलावर आणून ठेवलं.

"बाई, हे तुमचं काम. मला निवृत्तीला आता वर्षच उरलंय. हे नीट पार पडलं, तर माझ्या खुर्चीसाठी मला दुसरं नाव सुचवावं लागणार नाही."

हे वाक्य जाऊबाईंनी घरी येऊन फक्त भाऊजींना सांगितलं. भाऊजी म्हणजे माझे मोठे दीर, त्यांचे यजमान. पण सासूबाईंचे कान भिंतीपलीकडचंही ऐकतात. संध्याकाळपर्यंत शिंप्याला, औषधाच्या दुकानदाराला आणि समोरच्या इमारतीतल्या तिन्ही मजल्यांना कळलं होतं की पुढच्या वर्षी आमच्या घरात मुख्याध्यापिका असणार.

आणि जाऊबाईंना ती खुर्ची हवी होती. त्या कबूल करणाऱ्यातल्या नव्हेत, पण एकदा भाजी निवडताना आपणहून म्हणाल्या, "मुख्याध्यापकांचं टेबल चुकीचं लावलंय गं. बसलेल्या माणसाला दार दिसत नाही. मुलं बाहेर ताटकळत उभी राहतात." मी म्हटलं, "मग फिरवा ना टेबल." तर देठ मोडत म्हणाल्या, "फिरवू. वेळ आली की."

कार्यालयाच्या पत्रासोबत चौसष्ट क्षमतांची यादी होती. जाऊबाईंनी ती पट्टी लावून तीनदा वाचली आणि रात्रीच्या जेवणाला सगळ्यांसमोर विचारलं, "बारा वर्षांच्या मुलाला काय काय यायला हवं? पुस्तकातलं नको. तुम्हाला काय वाटतं ते सांगा."

"मोठ्यांचं बोलणं मध्येच न तोडता ऐकता यायला हवं," सासूबाई म्हणाल्या.

"तेवढं तर आम्हालाही—" भाऊजी म्हणाले.

"हे बघ, तोडलंस!"

"अर्ज लिहिता यायला हवा," भाऊजींनी आपलं घोडं पुढे दामटलं. ते वीज कार्यालयात तक्रारींच्या खिडकीवर बसतात. "चार पानं लिहितात लोक, आणि त्यात वीज गेली हे कुठेच नसतं."

माझे यजमान म्हणाले, "वहिनी, कळलं नाही तर कळलं नाही म्हणता यायला हवं. आमच्या साहेबांना अजून जमत नाही."

मला विचारलं तेव्हा मी म्हटलं, "डोळ्यांनी अंदाज करता यायला हवा. किती माणसांना किती भात लागेल, कपाट दारातून आत जाईल की नाही." माझी लेक छकुली तेव्हा पाचवी संपवून सहावीत जाणार होती, म्हणजे काकूच्याच वर्गात. ती म्हणाली, "मला सगळं येतं." आणि त्यात फारशी बढाई नव्हती. चार वर्षं तिचा पहिला नंबर होता.

चौसष्टांच्या नऊ झाल्या. मग पुढचे चार रविवार आमच्या बाहेरच्या खोलीतला पंखा बंद. जाऊबाईंनी सहावीच्या सगळ्या पुस्तकांच्या अनुक्रमणिका कात्रीनं कापल्या होत्या. एकेका धड्याची एकेक पट्टी. नऊ क्षमतांचे नऊ रकाने चादरीवर आखले आणि कुठला धडा कुठे बसतो ते मांडत सुटल्या. पंखा लावला की इतिहास भूगोलात उडून जायचा. उकाड्यानं जीव नकोसा व्हायचा आणि सासूबाई वहीच्या पुठ्ठ्यानं वारा घेत आपलं मत द्यायच्या.

"ही पट्टी बाजूला का पडलीय?"

"कशातच बसत नाही, आई. या धड्यातून मुलांना काहीच करता येत नाही, नुसतं सांगता येतं."

"मग काढ."

"काढता येत नाही. मुख्याध्यापकांच्या आवडीचा आहे."

तरी त्यांनी काढला. एकूण एकवीस धडे काढले आणि काढलेल्या प्रत्येकामागे कारण लिहिलं. मापनाचा धडा गणितात होता, नकाशाचा भूगोलात, तापमान मोजायचा विज्ञानात. ते तिन्ही एका महिन्यात, एकाच रकान्यात आणले. त्यांचं ते काम बघताना माझा पंधरा वर्षांचा राग पहिल्यांदा जरा पातळ झाला. डब्यांवर चिठ्ठ्या लावणारं डोकं एवढ्या मोठ्या पसाऱ्यात हात घालतं तेव्हा काय करू शकतं, हे मी तेव्हा बघितलं.

गुणांची पद्धत गेली. त्याऐवजी प्रत्येक क्षमतेपुढे तीन चौकटी आल्या: 'जमतं', 'मदतीनं जमतं', 'अजून नाही'. पालकांच्या सभेत गदारोळ झाला. एक गृहस्थ म्हणाले, "बाई, शंभरपैकी किती ते सांगा. 'जमतं' हे मी नातेवाइकांना कसं सांगू?" जाऊबाई म्हणाल्या, "जमतं असंच सांगा. नातेवाइकांना मराठी येतं ना?" सभा हसली आणि शांत झाली.

वर्ष सरलं. छकुली रोज काकूचं बोट धरून शाळेत जायची आणि फाटकापाशी पोहोचली की 'काकू'चं 'बाई' करायची. शेवटच्या महिन्यात चाचण्या झाल्या आणि निकाल लागला. अंदाज आणि मापन या क्षमतेत चाळीसपैकी एकोणचाळीस मुलांना 'जमतं'. चाळिसावा गोवरानं घरी होता. बाकीच्या क्षमतांतही तेच. पाचही शाळांत एवढा चांगला निकाल कुणाचाच नव्हता. कार्यालयातून अधिकारी बाईंचा फोन आला: जाऊबाईंचा आराखडा आणि त्यांनी वर्गासाठी तयार केलेली सरावाची वही पुढच्या वर्षी आणखी वीस शाळांना द्यायची ठरते आहे, महिन्याभरात त्या स्वतः बघायला येतील. मुख्याध्यापकांनी नाव सुचवल्याचं पत्र टाइप करून ठेवलं. सासूबाईंनी शिंप्याला पुन्हा एकदा सांगितलं.

त्यानंतरच्या रविवारी दुपारी मी स्वयंपाकघराच्या खिडकीला पडदा शिवायला काढला. माझे हात कणकेचे होते, म्हणून छकुलीला म्हटलं, "टेप घे आणि खिडकी मोज. आधी बघून सांग, किती असेल?"

छकुली टेप घेऊन उभी राहिली. खिडकीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "साडेसहा मीटर."

मला हसू फुटलं. "अगं, साडेसहा मीटरची खिडकी? मग भिंत कुठे ठेवायची?"

"अंदाज साडेसहा मीटरच असतो," छकुली चिडून म्हणाली. "मग मोजायचं. मग येतं सात मीटर दहा सेंटीमीटर. मग फरक लिहायचा, साठ सेंटीमीटर. मग लिहायचं, 'माझा अंदाज वास्तवाच्या जवळ होता.'"

जाऊबाई ओट्याशी कप पुसत होत्या. त्यांचा हात थांबला.

"छकुली," त्या म्हणाल्या, "ते आपल्या वर्गाचं माप आहे."

"हो. तुम्हीच फळ्यावर लिहून दिलं होतं."

"ते कसं करायचं, हे दाखवायला दिलं होतं."

"मग मी तसंच केलं ना?" छकुलीला काकूचा चेहरा बघून रडू यायला लागलं. "सगळ्यांनी तसंच केलं. माझं तर अक्षरही सगळ्यांत चांगलं होतं."

जाऊबाईंनी फडकं ठेवलं, आतल्या खोलीत गेल्या आणि चाचणीच्या कागदांचा गठ्ठा घेऊन आल्या. ते कागद त्यांनी स्वतः तपासले होते. टेबलाशी बसून एकेक उलटू लागल्या. मी मागून बघत होते. अंदाज साडेसहा मीटर. अंदाज साडेसहा मीटर. अंदाज साडेसहा मीटर. चाळिसाव्याला गोवर झाला नसता तर त्याचाही तेवढाच झाला असता. मी कणकेचे हात तसेच धरून उभी होते आणि मला हसावं की काय करावं कळेना. एका खोलीकडे एकोणचाळीस जणांनी बघितलं आणि एकोणचाळीस जणांना ती साडेसहा मीटर वाटली, असं जगात कधी झालं आहे का?

"मला छान वाटलं होतं," जाऊबाई म्हणाल्या. "तपासताना. म्हटलं, किती नीट लिहिलंय सगळ्यांनी."

चूक कशी झाली ते त्यांना लगेच कळलं होतं, मला जरा उशिरा. सत्तावीस वर्षं मुलं मागे पडू नयेत म्हणून त्या नमुना लिहून देत आल्या होत्या. परीक्षा बदलली, धडे बदलले, चौकटी बदलल्या. पण फळ्यापाशी गेल्यावर हातानं आपली सवय सोडली नाही. हातानं नमुना लिहिला, मुलांनी तो पाठ केला, आणि चाचणीही त्याच खोलीत झाली. जी गोष्ट पाठ करून येऊच शकत नाही असं त्यांना वाटलं होतं, तीच मुलांनी पाठ केली होती.

सोमवारी त्यांनी वर्गाला काही न सांगता जिन्यासमोरच्या मोकळ्या जागेत नेलं. हे मला छकुलीनं सांगितलं, पुढे गणिताच्या सरांनी रंगवून सांगितलं. जाऊबाईंनी प्रत्येकाला कोरी चिठ्ठी दिली आणि म्हणाल्या, "या जागेची लांबी किती असेल, आपापला अंदाज लिहा." पाच मिनिटं कुणी लिहीना. मग पुढच्या मुलीनं विचारलं, "बाई, हे वहीत कुठल्या पानावर आहे?" दुसरीनं विचारलं, "बाई, अंदाज किती लिहायचा?" जागा साडेतीन मीटर होती. तेरा जणांनी साडेसहा लिहिलं. मग टेप दिली. कुणी शून्याऐवजी एकापासून मोजलं, कुणी टेप झोळीसारखी लोंबती धरली. शेवटी ज्यांना खरोखर जमलं अशी नऊ मुलं निघाली. छकुली त्या नवांत नव्हती.

मग त्यांनी बाकीच्या क्षमताही उलगडून बघितल्या. 'वाचलेलं आपल्या शब्दांत सांगणं' यात सगळ्या मुलांचे आपले शब्द एकसारखे होते, आणि ते जाऊबाईंचे होते.

मंगळवारी त्या नवा कागद घेऊन मुख्याध्यापकांकडे गेल्या. त्या खोलीत तेव्हा गणिताचे सर हजेरीपटावर सही घ्यायला उभे होते, म्हणून पुढचं संभाषण शब्दशः आमच्यापर्यंत पोहोचलं.

"बाई, अहवाल गेला. कार्यालयात नोंद झाली. आता हे काय?"

"हा खरा निकाल आहे."

"मग आधीचा खोटा होता?"

"आधीचा पाठांतराचा होता."

"कुणी विचारलंय?"

"नाही."

"कुणाला कळलंय?"

"माझ्या पुतणीला आणि जावेला."

मुख्याध्यापकांनी चष्मा काढला. "बाई, मी तुमचं नाव सुचवलेलं पत्र इथे, या खणात आहे. उद्या जाणार आहे. एकोणचाळीसचे नऊ झाले, तर ते मी कुठल्या तोंडानं पाठवू?"

"सर, माझी वही वीस शाळांत जाणार आहे. त्यात फळ्यावरचा नमुना आहे. पुढच्या वर्षी आठशे मुलं साडेसहा मीटर म्हणतील. कार्यालय म्हणेल, वा! आणि मी तुमच्या खुर्चीत बसून ते ऐकेन."

"एक वर्ष थांबा."

"तुम्ही पत्र पाठवू नका हवं तर," जाऊबाई म्हणाल्या. "पण हा कागद पाठवा."

घरी त्या दिवशी जे झालं ते सरांनी ऐकलं नाही, ते मी ऐकलं. भाऊजी ओरडणाऱ्यातले नाहीत. तक्रारींच्या खिडकीवर बसून माणूस ओरडणं विसरतो. ते समजुतीनं म्हणाले, "मी चूक लपव म्हणत नाही. आधी खुर्चीत बस, मग दुरुस्त कर. तिथे बसलीस तर एका वर्गाची नाही, सगळ्या शाळेची दुरुस्ती होईल." खरं सांगायचं तर मलाही ते पटलं होतं.

जाऊबाई म्हणाल्या, "खुर्चीत बसले की मी म्हणेन, कायम होईपर्यंत थांबू. कायम झाले की म्हणेन, निवृत्तीपर्यंत थांबू. मला मी माहीत आहे."

"आणि मी गल्लीभर सांगून बसलेय त्याचं काय?" सासूबाई म्हणाल्या.

"मी तुम्हाला सांगायला सांगितलं नव्हतं, आई."

इतक्या वर्षांतलं ते पहिलं उलट उत्तर. त्या दिवसापासून सासूबाई थोरलीशी थेट बोलेनात. काही हवं असलं की माझ्याकडे बघून म्हणायच्या, "धाकटे, तिला विचार, माझा चष्मा कुठे ठेवलाय." जाऊबाई शेजारीच उभ्या असायच्या आणि मला म्हणायच्या, "आईंना सांग, उशीखाली."

माझंही कुठे चुकलं ते सांगते. सुधारलेला निकाल घरी आला, त्यात छकुलीच्या चार क्षमतांपुढे 'अजून नाही'. छकुली जेवली नाही. पहिल्या नंबराच्या मुलीला 'नाही' हा शब्द प्रथमच भेटत होता. मी तावातावानं स्वयंपाकघरात गेले. "ताई, घरची आहे ती. निदान तिला तरी 'मदतीनं जमतं' लिहायचं होतं."

"मदत कुणी केली?" त्यांनी विचारलं.

"मी केली असती!"

"मग तुझ्या नावापुढे लिहिते."

मी रागानं निघाले. दारापर्यंत गेले तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "ती घरची आहे म्हणूनच मला कळलं, धाकटे. नाही तर मला कोण सांगणार होतं?" मी छकुलीला जाऊन म्हटलं, "ऊठ, काकू तुझ्याकडून काहीतरी शिकलीय, आणि तू रडतेस."

अधिकारी बाई आल्या तेव्हा जाऊबाईंनी दोन्ही निकाल शेजारी शेजारी ठेवले. अधिकारी बाईंनी आधी एक बघितला, मग दुसरा.

"प्रयोग फसला असं लिहू का मी?"

"आराखडा फसला नाही," जाऊबाई म्हणाल्या. "मी फसले. मुलं मागे राहू नयेत म्हणून मी उत्तर दिलं. त्यांना फक्त प्रश्न द्यायचा होता. वीस शाळांना वही द्यायची असेल तर आधी त्यातून माझा फळा काढा."

मग त्या अधिकारी बाईंना घेऊन कोठीत गेल्या, जिथे जुनी बाकं रचलेली असतात. तिथे काही मुलांना बोलावून पुन्हा अंदाज विचारला. एक जण म्हणाला दोन मीटर, एक म्हणाली नऊ, एकानं आधी पावलं टाकून बघू का असं विचारलं. खोली साडेचार मीटर होती. म्हणजे जवळजवळ सगळेच चुकले. अधिकारी बाई त्या तिसऱ्या मुलाला म्हणाल्या, "टाक पावलं."

तीन आठवड्यांनी दोन पत्रं आली. पहिल्यात लिहिलं होतं की प्रयोग आणखी एक वर्ष चालावा, वही सुधारल्याशिवाय कुठल्याही शाळेला देऊ नये आणि सुधारणा त्याच शिक्षिकेनं करावी. दुसरं पत्र मुख्याध्यापकपदाचं. त्या जागी दुसऱ्या शाळेतले एक गृहस्थ येणार होते. जाऊबाईंनी दोन्ही पत्रं वाचली, घड्या घालून पिशवीत ठेवली, घरी आल्या आणि भर दुपारी अंघोळीला गेल्या. तासभर बाहेर आल्या नाहीत. आमच्या घरात न्हाणीघर एकच आहे आणि बाहेर दोघं-तिघं खोळंबले होते. पण कुणी दार वाजवलं नाही. सासूबाईंनी छकुलीला सुद्धा मागच्या मागे शेजारी पाठवलं.

थोरली बाहेर आल्यावर सासूबाई त्या भांडणानंतर पहिल्यांदा तिच्याशी थेट बोलल्या. "चहा ठेवलाय. गार होईल."

गल्लीत कुणी विचारलं तर सासूबाई आता वेगळंच सांगू लागल्या. औषधाच्या दुकानदारानं विचारलं, "काय आजी, सूनबाई खुर्चीवर बसल्या का?" तर म्हणाल्या, "खुर्चीचं काय मेलं, लाकडाची असते. दुकानात मिळते. तिची चूक कुणाला सापडली नाही, तिची तिनंच काढली. तुझ्या दुकानातल्या बाटल्या तू अशा बघतोस का?" दुकानदार बिचारा बाटल्यांच्या तारखा बघत बसला.

नवं वर्ष सुरू झालं. नवे मुख्याध्यापक गोल चेहऱ्याचे, मऊ बोलणारे गृहस्थ. पहिल्याच बैठकीत त्यांनी विचारलं, "सहावीचा हा प्रयोगाचा वर्ग कोण घेणार?" सगळ्यांनी आपापल्या कपात डोकावून बघितलं.

"मी घेते," जाऊबाई म्हणाल्या. "एका अटीवर. माझ्या वर्गाची चाचणी मी घेणार नाही. दुसऱ्या कुणीतरी घ्यायची. कुठे घ्यायची, काय विचारायचं, ते मला आधी सांगायचं नाही. आणि चाचणी चालू असताना मी खोलीत थांबणार नाही."

"तुमचा तुमच्यावर विश्वास नाही, बाई?" नव्या मुख्याध्यापकांनी विचारलं.

"माझा माझ्या हातावर विश्वास नाही. खडू दिसला की तो उत्तर लिहितो. आणि आपल्या वर्गाचं आपणच तपासायचं, म्हणजे आपला तो बाब्या होतोच. मुद्दाम करायला लागत नाही."

गणिताचे सर म्हणाले, "म्हणजे उत्तरसूची बाईंच्या मुलांना मी तपासायचं? आणि माझ्या सातवीला तुम्ही?"

"का, घाबरलात?"

"घाबरलो तर. तुम्ही जिवाभावाच्या पुतणीला सोडलं नाही, माझी कोण लागतात?"

पण ते तयार झाले. त्यांच्यामागून आणखी दोन शिक्षक तयार झाले, आणि वर्षाच्या मध्यापर्यंत त्या शाळेत एकही शिक्षक स्वतःच्या वर्गाची चाचणी घेईना. वाद झाले, रुसवे झाले. एकीनं दुसरीच्या वर्गातल्या सहा जणांना 'अजून नाही' दिलं तेव्हा दोघी पंधरा दिवस डबा वेगवेगळ्या टोकाला बसून खात होत्या. पण निकालाचा कागद बघून शिक्षक पहिल्यांदाच एकमेकांना विचारू लागले, "तुमच्या मुलांना हे कसं जमलं हो?" आणि सुधारलेली वही तयार झाली तेव्हा तिच्यातल्या नमुन्यांच्या जागी जाऊबाईंनी कोरी पानं सोडली होती. कार्यालयातून विचारणा आली, छपाईत पानं राहिली आहेत का? त्यांनी कळवलं, नाहीत. मुद्दाम सोडली आहेत.

त्या वर्षीची मोठी चाचणी होती त्या दिवशी छकुली डबा घरी विसरली, म्हणून मी शाळेत गेले. व्हरांड्यात जाऊबाई एकट्या उभ्या होत्या. आपल्याच वर्गाच्या बंद दाराबाहेर. मी त्यांना तशा कधी बघितल्या नव्हत्या. हातात खडू नाही, कागद नाही. एका हातानं दुसऱ्या हाताचं मनगट धरून ठेवलेलं.

"आत कोण आहे?" मी विचारलं.

"श्शू. गणिताचे सर."

आतून बाक सरकल्याचा आवाज आला. मग कुणीतरी विचारलं, "सर, अंदाज चुकला तर?"

"चुकू दे ना. नाही तर मोजायचं कशाला?"

मग बराच वेळ शांतता. आत चाळीस मुलं होती आणि एकाचाही आवाज नव्हता. जाऊबाईंची मान दाराकडे कललेली होती. त्यांचं एक पाऊल पुढे गेलं. मला वाटलं, आता कडी काढतात. मग त्यांनी पाऊल मागे घेतलं.

"अडली असतील का गं?" त्या मला म्हणाल्या. सत्तावीस आणि एक, अठ्ठावीस वर्षं शिकवणारी बाई मला विचारत होती.

"असतील," मी म्हटलं.

"असू देत," त्या म्हणाल्या. त्यांना ते म्हणायला किती जड गेलं, ते मी जवळून बघितलं.

त्या दिवशी त्यांच्या वर्गातल्या सतरा जणांना जमलं. चाळीसपैकी सतरा. सरांनी तो कागद दिला तेव्हा त्यांनी तेवीस नावांवरून एकदा बोट फिरवलं आणि विचारलं, "कुठे अडतात?" पण ते नंतरचं. तेव्हा व्हरांड्यात घंटा झाली आणि त्या एकदम सरळ झाल्या. खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलेला कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा काखेत मारला.

"डबा दे इकडे, मी देते तिला. मला सातवीवर जायचंय."

"ताई," मी म्हटलं, "छकुली आहे त्यात. सकाळपासून जीव मुठीत धरून बसलीय."

"मग मी काय करू, जिन्याखाली लपू?" असं म्हणत त्या निघाल्यासुद्धा. सातवीच्या दारात पोहोचल्या तेव्हा आतला गोंधळ थांबला, आणि माझ्या लेकीचा आवाज मला एवढ्या लांबूनही ऐकू आला. "बाई, आज कुठे न्यायचंय आम्हाला?"

"ते तिथे गेल्यावर कळेल," जाऊबाई म्हणाल्या. "आधी डबा घे तुझा, मग रांग करा."